रेडिओवर लागलेली विहीर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केलीय. वीज खात्यात नोकरी झाली माझी... कुठं काही आवाज आला की आधी वायर बघणार! तरीही हे लिहितोय.

दुष्काळाचं साल, लातूरचं आमचं घर. नळाला बारा दिवसांनी पाणी. माझे वडील, आबा, पंच्याऐंशीचे, मूळचे शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यातले. टंचाई सुरू झाली तसं त्यांनी पाणी मागणंच सोडलं. ग्लास पुढं केला की दोन घोट घेणार... "ऱ्हाऊ दे, लेकरांला लागतंय." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडन्या जातील. मी चिडायचो, हातही जोडायचो. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला शिवायची आम्हा लोकांना बंदी. त्यांची आई घागर घेऊन लांब उन्हात बसायची. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली, पण पाण्यापाशी मागं सरायची सवय आबांच्या अंगात मुरलेली.

त्यांचं मन रमावं म्हणून घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उदगीरच्या एका मिस्त्रींकडून दुरुस्त करून आणला. (काम कमी, उदगीर जिल्हा कधी होणार याच्याच गप्पा जास्त!) पण काय देखणा झाला... बटण फिरवलं की मिनिटभर नुसता गरम व्हायचा, मग समोरच्या दिव्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. आम्ही दोघं दुपारभर त्या आवाजात तरंगत असायचो.

त्या दुपारी गाणं लागलंच नाही. खरखरीतून रहाटाची कुरकुर आली. मग पाणी... घागरीत पडणारं, भरपूर. आणि एका बाईचा निवांत आवाज – "ये रे बाळा. आता मीच शेंदायलेय."

आबा काठी न घेता उठले. स्वयंपाकघरात जाऊन माठात स्वतः तांब्या बुडवला, उभ्यानं रिकामा केला. परत बुडवला.

"आबा, कोण होतं?"

"माय हाय माझी." रडत होते, हसतही होते. "कुणी आडवलं न्हाई रं तिला. सोताच्या हातानं शेंदायलीय."

मी रेडिओच्या मागं बघितलं. एरियलची तार जोडलेलीच नव्हती. बायको तिच्यावर कपडे वाळत घालते म्हणून सकाळी मीच चिडून काढली होती. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "तारेबिगर बी जवळचं स्टेशन लागतंय कधी कधी." हे कुठलं स्टेशन, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

काटा तिथंच ठेवून मी कितीदा ऐकलं. विहीर परत लागली नाही. आबा मात्र आता पलंगावरून हाक मारतात, "पाणी आणा रं!" – आणि उशीर झाला तर रागावतात.