विधिसंघर्षग्रस्त पोट्टे

केस निकाली निघाली की फाईल रेकॉर्डरूममध्ये जाते. किस्से मात्र जात नाहीत. ते आमच्या डोक्यातच मुक्काम ठोकतात आणि चार मैत्रिणी जमल्या, चहा आला, की एकेक बाहेर पडतो.

मी गोंदियात परिविक्षा अधिकारी आहे. हा शब्द माझ्या सासूबाईंना अजून नीट म्हणता येत नाही. त्या शेजारणींना सरळ सांगतात, "सून चोट्टे पोट्टे पाहते!" व्याख्या म्हणून काही वाईट नाही. अठराच्या आतल्या मुलानं काही भानगड केली की पोलीस त्याला बाल न्याय मंडळापुढे आणतात. मी त्याच्या घरी जाते, आईबाप काय करतात, पोरगा असा का वागला ते पाहते आणि मंडळाला अहवाल देते. मंडळावर मॅजिस्ट्रेट मॅडम आणि दोन सदस्य. आणि मंडळ ज्यांच्यामुळे चालतं ते आमचे लिपिक पटलेभाऊ!

*

आमच्याकडे पहिला नियम असा की मुलाला 'आरोपी' म्हणायचं नाही. त्याच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो. म्हणून कायद्यानं एक कोवळा शब्द शोधून काढला आहे: विधिसंघर्षग्रस्त बालक!

एकदा जंगलपट्टीतल्या गावातून एक आई आली. पोरगा कुणाच्या तरी शेतातली पाण्याची मोटार काढताना सापडला होता. नवीन वकिलांनी कोट सावरला आणि सुरुवात केली, "मॅडम, सदर विधिसंघर्षग्रस्त बालक..." आईनं डोळ्यांना पदर लावला तो काढलाच नाही.

बाहेर आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, कोनता रोग म्हनला वकील?"

"रोग नाही हो, कायद्याचा शब्द आहे."

"ग्रस्त म्हनला ना तो!"

तिचं काय चुकलं? पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, सिकलसेलग्रस्त! आयुष्यात जेवढे ग्रस्त पाहिले त्यातलं एकही माणूस तिनं सुखी पाहिलं नव्हतं. रडवेल्या आवाजात तिनं विचारलं, "बरा होते का हो हा?"

मागून पटलेभाऊ म्हणाले, "होते ना बाई! अठरा पूर्ण झाले का हा रोग आपोआप जाते. मंग दुसऱ्या कोर्टात दुसरा लागते!"

*

दुसरा नियम, मुलांसमोर पोलिसांनी वर्दीत यायचं नाही. मुलं घाबरतात.

हवालदार बिसेन म्हणजे सहा फूट उंची आणि भरघोस मिशा. ते साल्याच्या लग्नातला फुलाफुलांचा शर्ट घालून आले. एका मुलाला आणायला उशीर झाला म्हणून मॅडमनी त्यांना आत बोलावून चांगलं झापलं. बिसेन बाहेर आले, बाकावर बसले आणि रुमालानं मान पुसू लागले.

शेजारी मुर्री गावचा एक पोरगा आईसोबत बसला होता. मोबाईलचोरीची केस. त्यानं सरकून जागा दिली. थोडा वेळ बिसेनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, तुमाले कायले आनलं?"

बिसेननी रुमाल खिशात कोंबला.

"पहिलीच वेळ हाये का? घाबरू नका. मॅडम चांगल्या हायेत. खरं खरं सांगून टाका, सोडून देतेत!"

बिसेन आता वर्दीत येऊ द्या म्हणून अर्ज करणार आहेत असं ऐकलं.

*

मधूनमधून आमची आढावा बैठक असते. एसी हॉल, बिसलेरी, काजू-बदाम, आणि भिंतीवर बालगुन्हेगारीचा रंगीत आलेख. वरून आलेले साहेब लेझरचा लाल ठिपका नाचवत म्हणतात, "ट्रेंड देखिए, ट्रेंड!"

एका ठाण्याचा खांब एकदम उंच गेला होता. तिथल्या नव्या महिला अधिकाऱ्यांना साहेबांनी उभं केलं. "मॅडम, आप आईं और क्राइम बढ़ गया?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पोट्टे तेच आहेत. आधीचे साहेब कान पिळून सोडायचे. मी नोंद करते."

"तो थोड़ा बैलन्स कीजिए ना!" साहेब म्हणाले. म्हणजे नेमकं काय करायचं, नोंद कमी की कान जास्त, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग लाल ठिपका पुढच्या ठाण्यावर गेला. तिथे खांबच नाही. शून्य! साहेबांचा चेहरा उजळला. टाळ्या झाल्या. त्या ठाणेदारांना पुढे बोलावलं, गुच्छ दिला, फोटो काढला. साहेब माईक पुढे करून म्हणाले, "अब सबको बताइए, ये सक्सेस कैसे मिला?"

ठाणेदार बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "सर, कॉम्प्युटर बिघडून आहे. एन्ट्रीच होऊन नाही राहिली."

दिलेला गुच्छ परत कसा घ्यायचा, याची तरतूद कोणत्याही परिपत्रकात नाही. ते गुच्छ घेऊनच घरी गेले!

*

आमच्याकडे सगळं अडतं ते वयावर. अठराच्या आत असेल तर आमच्याकडे, नाहीतर मोठ्या माणसांच्या कोर्टात. म्हणून मुलं वय कमी सांगतात असं सगळ्यांना वाटतं. सडक अर्जुनीजवळच्या एका धाब्यावर मारामारी झाली, त्यातला पोरगा मात्र छाती काढून म्हणाला, "मी नाबालिक नाई हो! मी एकोनीसचा हाये!"

वकिलांनी कपाळावर हात मारला. पोरगा ऐकेना. ट्रकवाल्यांमध्ये त्याची इज्जत होती. सतरा वर्षांच्या पोराला ड्रायव्हर लोक स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

आईला जन्मतारीख विचारली तर ती म्हणाली, "धान कापनी चालू होती. कळा सुरू झाल्या, मी बांधीतूनच घरी आली." शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जुलै. जुलैमध्ये आमच्याकडे रोवणी चालते, कापणी नाही!

मुख्याध्यापकांना रजिस्टर घेऊन बोलावलं. मॅडमनी पान उघडलं आणि चष्मा काढून पुसला. वरपासून खालपर्यंत सगळी मुलं एक जुलैची!

"गुरुजी, अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला?"

"नाही मॅडम. भरती करताना आईबापाले तारीख सांगता येत नाही, तर शिक्षक एक जुलै लिहितेत."

"पण हे बरोबर आहे का?"

गुरुजींना वाईट वाटलं. "मॅडम, यात काही वाईट नाही. माझीबी एक जुलैच आहे. याच शाळेत शिकलो ना!"

*

कामठ्याचे एक शेतकरी. घरचं धान, घरचा ट्रॅक्टर, पोरगा सोळाचा. पोरानं मित्राची बाईक न विचारता नेली आणि नाल्यात घातली. बाप जामिनासाठी आला असेल असं समजून मी कागद काढले. त्यांनी हात वर केला.

"थांबा मॅडम. त्या निरीक्षणगृहात मोबाईल देतेत का?"

"नाही."

"सकाळी उठवतेत?"

"सहा वाजता."

"अभ्यास?"

"करून घेतात."

"मंग राहू द्या ना दहावीच्या परीक्षेपर्यंत!"

मी पुष्कळ समजावलं की ते होस्टेल नाही, केस चालू असताना मुलांना ठेवायची जागा आहे. शेवटी नाराज होऊन त्यांनी मुलाला ताब्यात घेतलं. दारापर्यंत गेले आणि परत आले. सोबत आलेल्या धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याचं काही जमते का पाहा. यानं अजून काही केलं नाही, पन लक्षन तसेच हायेत!"

*

रस्त्यावरचे दिवे दगड मारून फोडणाऱ्या एका पोराला मॅडमनी समाजसेवा दिली. एका वाचनालयात रोज दुपारी पुस्तकं झाडायची. पोरगा हुशार. त्यानं पुस्तकं झाडली, रांगेत लावली, पंखे पुसले, गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा साफ केली.

मुदत संपली तशी ग्रंथपालांचा मला फोन. "मॅडम, मुलगा सुधारला नाही अजून."

मी घाबरले. "का? काय केलं त्यानं?"

"काही केलं नाही. पण वर्तमानपत्रांचा माळा राहिला आहे ना!"

मी सांगितलं, मुदत वाढत नाही. मग ग्रंथपाल म्हणाले, "बरं, मग दुसरा पाठवा. गुन्हा कोणताही चालेल!"

*

'तरुण पिढी आणि कायदा' या विषयावर एका शाळेत कार्यक्रम ठेवला होता. प्रमुख पाहुणे एक स्थानिक नेते. मुलं उन्हात ताटकळत बसलेली. शेवटी धुरळा उडवत गाडी आली, करकचून ब्रेक लागला, पाहुणे उतरले. त्यांनी भाषणही जोरात केलं. "आजकाल सोळा-सोळा वर्षांची मुलं गाड्या पळवतात! आईवडील झोपले आहेत का?"

टाळ्यांचा कडकडाट.

चहाच्या वेळी मी म्हटलं, "उशीर झाला तरी गाडी सुसाट आली, सर. ड्रायव्हर चांगला आहे."

पाहुणे खूश झाले. "ड्रायव्हर कुठला? भांजा है अपना! अकरावीत आहे!"

*

आता हा एक सांगते आणि उठते.

भोजराजभाऊंचं बाजाराकडे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानासमोरून एका चौदा वर्षांच्या पोरानं सायकल उचलली. चेन तुटली म्हणून पुढच्याच चौकात सापडला. भोजराजभाऊंनी फिर्याद दिली, आणि नुसती दिली नाही, ते प्रत्येक तारखेला हजर! फिर्यादीला दर वेळी यावं लागत नाही. पटलेभाऊंनी त्यांना परोपरीनं सांगितलं, "भाऊ, आज तुमचं काम नाही. घरी जा."

"काऊन जाऊ? सायकल माही गेली होती. मी पाहीन का होते ते!"

व्हरांड्यात बसून ते मोठमोठ्यानं बोलत. आजकालचे पोट्टे, त्यांचे मायबाप, सरकार, कोणालाच सोडत नसत. पोरगा खाली मान घालून ऐके. एकदा मी बाहेर आले तर भाऊ त्याच्यावर ओरडत होते, "चोरी करायची अक्कल हाये, मंग आलूबोंडा गरम गरम खायची नाई?" बोंडा त्यांनीच आणला होता.

मी पोराच्या घरी जाऊन आले होते. आई नाही. बाप मजुरीला तेलंगणात. घरी आजी, तिला खाटेवरून उठवत नाही. बापाला फोन लावावा तर तो बंद.

शेवटी मॅडमनी आदेश दिला की मुलाला देखरेखीखाली घरी सोडावं. पण कोणीतरी मोठ्या माणसानं जबाबदारी घेऊन त्याला ताब्यात घ्यायला हवं. पुकारा झाला. कोणी आलं नाही. परत पुकारा झाला. पोरगा दाराकडे पाहत होता. मग त्यानं पाहणं सोडलं. मॅडम म्हणाल्या, "कोणीच नसेल तर परत निरीक्षणगृहात पाठवावं लागेल."

दारातून आवाज आला, "मी नेतो."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही? तुम्ही तर फिर्यादी आहात!"

"मंग का झालं? दर तारखेले मीच येऊन राहिलो. याचा बाप आला का एकदा तरी?"

सरकारी वकील खोकले. हे कायद्यात बसतं का, यावर आत बरीच चर्चा झाली. 'योग्य व्यक्ती', म्हणजे नात्यातला नसला तरी मूल सांभाळू शकेल असा माणूस, असा एक शब्द कायद्यात निघाला. मी लगेच भाऊंच्या घरी जाऊन आले. त्यांच्या बायकोनं एवढंच विचारलं, "पोट्टा पोहे खाते ना?" मॅडमनी पोराला विचारलं, जाशील का? त्यानं मान हलवली. मॅडमनी सही केली.

मग पटलेभाऊंनी हमीपत्र पुढे ओढलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पेन थांबला. "बालकाशी नातं. काय लिहू भाऊ? काका लिहू का मामा?"

भोजराजभाऊंनी पोराकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं.

"फिर्यादी लिवा," ते म्हणाले. "खोटं कायले लिवता?"