तीर्थपुरीचे गोरे मामा

माझ्या आत्याच्या यजमानांइतका गुरुभक्त माणूस तिन्ही लोकांत सापडायचा नाही. आत्या नर्स होऊन अमेरिकेला गेली आणि तिथल्याच एका उंच, गिटारवाल्या माणसाशी तिनं लग्न केलं. म्हातारपणी दोघं तीर्थपुरीला, आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून सारं गाव त्यांना 'गोरे मामा' म्हणतं. त्यांच्या तरुणपणी म्हणे तिकडच्या गोऱ्या पोरांना जुन्या लोकगाण्यांचं वेडच लागलं होतं. मामांनी तर कॉलेज सोडून थेट कापसाचा मुलूख गाठला आणि एका म्हाताऱ्या काळ्या गवयाच्या ओट्यावर ब्लूज शिकायला ठाण मांडलं. ब्लूज म्हणजे तिथल्या काळ्या कष्टकऱ्यांनी गिटारीवर म्हटलेलं आपलं दुःख. अजूनही कानाची पाळी धरून त्या म्हाताऱ्याचं नाव घेतल्याखेरीज मामा तारेला बोट लावत नाहीत. गणपतीच्या मांडवात निवेदकानं त्यांना 'ब्लूजसम्राट' म्हणून पुकारलं, तर मामांनी माइकच हिसकावला. "सम्राट तिकडं वारला. मी न्हाई सम्राट. मी त्याच्या घरी पानी भरायला गेल्तो!" मांडव खो खो हसला. पण मामा वाजवू लागले आणि डीजेसाठी ताटकळलेली पोरंसुद्धा खाली बसली. शब्द एकालाही कळत नव्हता, तरी पुढं बसलेल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू पाय सावरला, हात नाही. तारा दाबणारा हातच गेला म्हटल्यावर त्यांनी गिटार कपाटात टाकली आणि बोलणंही जवळजवळ टाकलं. आत्यानं महिनाभर ते सोसलं. मग एका संध्याकाळी मी दूध द्यायला गेलो, तर ओसरीवर मामांच्या मांडीत गिटार, आणि त्यांच्या डाव्या बाजूला खेटून आत्या. उभ्या जन्मात तिनं त्या वाद्याची धूळसुद्धा पुसली नव्हती.

"आता कुठं दाबू?"

"तिसरा पडदा. जोरात दाब."

"अहो, बोटं कापून राह्यलीत माझी!"

"माझी बी कापली व्हती. दाब."

तिनं डाव्या हातानं गिटारीच्या दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीपाशी तार दाबली, मामांनी उजव्या हातानं छेडली. बेसूर आवाज निघाला. पुन्हा. पुन्हा. अंधार पडेपर्यंत गाण्याची एक ओळ कशीबशी उभी राहिली, आणि मामा कितीतरी दिवसांनी गायले, अगदी हळू. दुधाचा तांब्या हातात तसाच धरून मी पायरीवर थबकलो. आत्याच्या उजव्या हाताला काही काम नव्हतं. तो तिनं मामांच्या निपचित पडलेल्या हातावर ठेवला होता.