न फाटलेलं पान

वसईजवळ निर्मळ गावात आमची केळीची वाडी आहे. घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. माझं शिक्षण नेमकं कशाचं हे मला आईला अजून नीट सांगता आलेलं नाही, पण त्याच शिक्षणावर वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मला काम मिळालं. तिथे बागांत आणि हॉटेलांत ठेवायच्या मोठाल्या कलाकृती बनतात. आकार संगणकावर काढायचा, मशीनने पत्रे कापायचे, मग ते जोडायचे. मालकांना आम्ही सर म्हणतो. मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलीला त्यांनी पहिल्याच वर्षी स्वतःचं डिझाइन करू दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे उद्घाटनाच्या दिवशी तोंड उघडायला मी घाबरले, तीही त्यामुळेच.

विरारला समुद्राच्या बाजूला एक नवी सोसायटी झाली होती. तिच्या बागेसाठी मी केळीचं बन सुचवलं. लोखंडी पाइपांचे खांब, त्यांवर माणसाहून मोठी, उजेड झिरपेल अशी हिरव्या प्लास्टिकची पानं आणि खाली बसायला कट्टा. नमुन्यासाठी मी आईकडे एक पान मागितलं. तिने वाऱ्याआडच्या केळीवरचं, कुठे एक चीर नाही असं पान कापून दिलं. आम्ही जेवणावळींसाठी पानं विकतो. चिरलेलं पान गिऱ्हाईक घेत नाही, ते म्हशीपुढे जातं. त्यामुळे पान म्हटलं की तिला काय आणि मला काय, तसंच पान डोळ्यांपुढे येतं. मी ते स्कॅन केलं, शीर न् शीर उचलली. देठ आणि खांब जोडणारे सांधेही प्लास्टिकचेच, थ्रीडी प्रिंटरवर काढले. इंजिनिअरने खांबांचं गणित तपासून दिलं.

बन उभं केलं तेव्हा थंडी होती, वाराही बेताचा. उद्घाटन मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात ठेवलं. पानांखाली सतरंज्या अंथरून चित्रकलेची स्पर्धा. पान आमच्या वाडीतलं म्हणून सोसायटीच्या चेअरमन काकांनी आईलाही बोलावलं होतं. ती नवं लुगडं नेसून आली आणि काकांनी तिला सगळ्यांत मोठ्या पानाखाली, मधल्या खुर्चीवर बसवलं.

दुपार कलली आणि समुद्राकडून वारा सुटला. पहिल्या झोताला सगळी पानं एकदम शिडासारखी फुगली. खांबातून कर्र असा आवाज आला. माझ्याशिवाय कुणाचंच लक्ष गेलं नाही. मुलं रंगवत होती, काका माइकवर बोलत होते. मी वर पाहिलं. आईच्या डोक्यावरच्या सांध्यावर एक पांढरी रेघ उमटली होती.

हे प्लास्टिक मोडायच्या आधी पांढरं पडतं. कारखान्यात तुकडे वाकवून बघताना ती रेघ मी कितीदा तरी पाहिली होती.

सर शेजारीच उभे होते. मी हळूच म्हटलं, "सर, सांधा पांढरा पडलाय."

"अगं, ऊन चमकतंय. आता काही काढू नकोस, माइक चालू आहे."

दुसरा झोत आला. रेघ रुंद झाली. आमचं काम पडतंय असं शंभर माणसांत कसं म्हणायचं? तोंडातून एवढंच निघालं, "आये, उठ तिथून!"

आईने डोळे वटारले. "गप गे. लोक बघतात. आत्ता तर बसवलंय मला."

"उठ म्हनते ना!"

काकांनी माइकवरूनच विचारलं, "काय झालं मॅडम? साप निघाला की काय?"

लोक हसले. आणि मी म्हणाले, "हो! साप!"

क्षणात सतरंज्या रिकाम्या झाल्या. आयांनी पोरं उचलली, रंगांच्या वाट्या उलटल्या, काका माइक टाकून पळाले. एकटी आई राहिली. वाडीत जन्म गेलेली बाई सापाला काय भिणार? ती वाकून खुर्चीखाली बघायला लागली. "कुठं हाय? कसला हाय?"

मी धावले. तिच्या दंडाला धरून ओढलं. "सोड गे, हात मोडशील माझा," असं ती म्हणत होती तोच मागे कडाड असा मोठा आवाज झाला. सांधा तुटून पान एका बोल्टवर लोंबकळलं होतं. त्याच्या कडेने खुर्ची आडवी केली होती.

आईने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा हात तिने संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कुणाची तरी वाडी होती. तिथल्या केळी त्याच वाऱ्यात उभ्या होत्या. त्यांची पानं चिंध्या होऊन फडफडत होती आणि वारा त्यांतून सरळ निघून जात होता. हे मी जन्मापासून बघत आले आहे. पण ती पानं आमच्या लेखी पानंच नव्हती.

सर रागावले नाहीत. "सगळी उतरवू," एवढंच म्हणाले. आम्ही प्रत्येक पान शिरांमधून दांडीपर्यंत चिरलं आणि सांधे लोखंडाचे केले. पुन्हा बसवायला गेलो तेव्हा चेअरमन काका म्हणाले, "आधी तुम्ही बसा, मग आमची पोरं."

म्हणून भर वाऱ्याच्या वेळी सर आणि मी कट्ट्यावर बसलो. वर पट्ट्या एकमेकींवर आपटत होत्या, सावल्या अंगावरून सरकत होत्या. पानं आता फुगत नव्हती, ते दिसत होतं. तरी प्रत्येक झोताला माझे खांदे आपोआप वर जात होते. लोक लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहून आमच्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने चेअरमन काका सावलीच्या कडेपर्यंत आले. एक पाऊल आत टाकलं, वर पाहिलं आणि मला विचारलं, "बसू?"

सरांना नाही, मला. मी सरकले आणि त्यांना जागा करून दिली.