पपनसाची साल

फळवाल्याने माझ्यासमोर पपनस सोललं आणि जाड, कडू साल गटारात फेकली. माझा हात नकळत पुढे झाला. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर त्याच सालींवर संशोधन केलं होतं. सालीतल्या फ्लेव्होनॉइड्स नावाच्या द्रव्यांमुळे लठ्ठ उंदरांच्या यकृतातली चरबी उतरते, असं त्यांना दिसलं होतं. स्वतः मात्र दिवसभर प्रयोगशाळेत बसून असायचे, भूक लागली की वडापाव मागवायचे. त्यांच्याच यकृतात चरबी साठली आणि पुढे ते पार निकामी होत गेलं.

"तुमचंच औषध घ्या ना," मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले.

"अगं, ते अजून उंदरांपुरतंच आहे. माणसांपर्यंत यायला फार वेळ लागेल."

ते खरं बोलले, याचाच मला राग आला. संशोधनाने सावकाश चालावं हे मला कळतं. पण घरात आजारी माणूस असलं की ते शहाणपण सोसत नाही.

ते गेल्यावर त्यांचे सहकारी भेटायला आले. धीर द्यायचा म्हणून एक जण म्हणाले, "वहिनी, सरांचे उंदीर अगदी ठणठणीत आहेत."

"बरं झालं," मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.