अल कूझच्या गॅलरीत छायाबाईंचा वर्ग

छाया साठे दुबईच्या करामा भागातल्या एका छोट्या इन्स्टिट्यूटमध्ये दर शनिवारी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. वय बावन्न. आधी अबुधाबीत राहायच्या. फेब्रुवारीत यजमान, गुणवंत, गेले, कंपनीचा फ्लॅट सोडावा लागला, आणि त्या मुलीकडे, ईश्वरीकडे, करामात आल्या. जूनमध्ये ही नोकरी धरली. वर्गात यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. गळ्यात मंगळसूत्र होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. लपवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. काढायचं राहून गेलं होतं, एवढंच.

रडू त्यांना आलंच नाही. सकाळी उठायचं, ईश्वरीचा डबा भरायचा, कपडे मशीनला लावायचे. दिवस सरायचा. लोक फोनवर म्हणायचे, "धीराची आहेस." छायाबाई "हो" म्हणायच्या.

नोव्हेंबरमध्ये मॅनेजरने सांगितलं, वर्गाला मॉडर्न आर्टच्या गॅलरीत न्या, तिथे इंग्रजीतच बोलायला लावा. छायाबाईंनी गॅलरीच्या वेबसाइटवरून तीन प्रिंट काढून वर्गात दाखवले. एक कॅनव्हास पूर्ण करडा, कडेला तांबडी रेघ. दुसऱ्यात गंजक्या तारेचा मोठा गुंडाळा. तिसऱ्यात नुसती रिकामी खोली.

"मॅडम, ही तर आमची सळया बांधायची बाइंडिंग वायर," मिथुन म्हणाला. तो संगमेश्वरचा, साइटवर शटरिंगचं काम करायचा. फोरमन व्हायचं तर इंग्रजी हवं म्हणून येत होता. "साइटवर अशी पडलेली दिसली तर सुपरवायझर ओरडतो."

"मग तेच इंग्रजीत सांग. इट लुक्स लाइक..."

"इट लुक्स लाइक माय साइट."

वर्ग हसला. छायाबाईंनी फळ्यावर वाक्यं लिहिली. आय सी. इट लुक्स लाइक. आय थिंक, बिकॉज. रफ, स्मूथ, हेवी, एम्प्टी हे शब्द दिले. उत्तर चुकत नसतं, हे दोनदा सांगितलं. गाइडला विचारायला एक प्रश्न सगळ्यांकडून घोकून घेतला: कॅन यू टेल मी मोअर अबाउट इट? शेवटी "इट मेक्स मी फील" लिहिलं आणि पुढे उदाहरण द्यायला शब्द शोधला. एकही आला नाही. "हे ज्याचं त्याने भरा," म्हणून त्यांनी मार्कर खाली ठेवला.

पुढच्या शनिवारी अकरा जण मेट्रोने आणि मग बसने अल कूझला गेले. गोदामं, गॅरेजं, आणि त्यातच एका गोदामाची गॅलरी केलेली. आत एसी इतका गार की मैमुनाबींनी ओढणी कानांवरून घेतली. साठीच्या मैमुनाबी श्रीवर्धनच्या. करामात एका घरी स्वयंपाक करायच्या. नातवंडं फोनवर इंग्रजीतच बोलतात, म्हणून त्या शिकत होत्या.

मिथुन छताला टांगलेल्या तारेपाशी गेला तो हललाच नाही. एवढं वजन कशावर पेललंय, वरचा हुक कसला आहे, हे त्याने गाइड मुलीला तुटक इंग्रजीत विचारलं. तिला सांगता येईना, तेव्हा त्यानेच तिला समजावलं. वीस मिनिटं. एकही हिंदी शब्द आला नाही.

छायाबाई करड्या कॅनव्हाससमोरच्या बाकावर बसल्या होत्या. मैमुनाबी शेजारी येऊन टेकल्या.

"टीचर, यू," त्या म्हणाल्या. "व्हॉट यू सी?"

"ग्रे," छायाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या तोंडून निघालं, "माय हसबंड डाइड इन फेब्रुवारी."

मराठीत हे वाक्य त्यांनी नऊ महिन्यांत कधी पूर्ण म्हटलं नव्हतं. इंग्रजीत ते फळ्यावरच्या वाक्यासारखं सरळ निघालं.

मैमुनाबी दचकल्या नाहीत. जे पाठ होतं तेच त्यांनी हळू, एकेक शब्द नीट लावून विचारलं.

"कॅन यू टेल मी मोअर अबाउट इट?"

छायाबाईंनी सांगितलं. गुणवंत पोहे खाऊन ऑफिसला गेला. गाडी पार्क केली, सीटबेल्ट काढला, आणि उतरलाच नाही. अकरा वाजता सिक्युरिटीवाल्याने काच वाजवली. एसी चालू होता. सांगताना आवाज कापला नाही, डोळेही कोरडेच राहिले. मैमुनाबींना किती कळलं कोण जाणे. त्यांनी छायाबाईंचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. हात गार पडलाय, हे छायाबाईंना तेव्हा जाणवलं.

घरी आल्यावर ईश्वरीने विचारलं, "हाउ वॉज इट, आई?"

"मिथुन छान बोलला," छायाबाई म्हणाल्या. चपला काढून त्या तिच्याजवळ सोफ्यावर बसल्या. "ईश्वरी, अबुधाबीहून बाबांचे चार खोके आणलेत ना, ते अजून बांधलेलेच आहेत. उद्या तुला सुट्टी आहे. एक उघडू या?"

ईश्वरीने लॅपटॉप मिटला. "वी कॅन डू इट नाउ."

"आत्ता नको," छायाबाई म्हणाल्या. "आधी जेवू. मला भूक लागलीय."