गालाखालचं लाकूड

माझ्या मावसभावाचा हात चांगला होता. हे वाक्य लिहायला मला अजूनही जड जातं, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो.

तो कर्जतला, पळसदरीच्या वाटेवर सुतारकाम करायचा. मी खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि संध्याकाळी खालापूरजवळच्या आमच्या वस्तीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम करायचो. दोघांचं काम एकच होतं आणि पंचाईत तीच होती. जत्रेत फुगे फोडायला छर्‍याच्या बंदुका असतात ना, त्यांचे दस्ते, म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड, आणि आतले सुटे भाग आम्ही बनवायचो. नवी बंदूक देखणी असते. पण जत्रांतून फिरली की गिर्‍हाइकं ती आपटतात, लाकूड चिरतं, स्प्रिंग दमते, चामड्याचा वायसर झिजून हवा सोडायला लागतो. कंपनीचे भाग मुंबईत शोधूनही मिळत नसत. मग स्टॉलवाले आमच्यासारख्यांचं दार ठोठावत.

वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा काढला आणि त्या फळीवर पत्रकं ठेवायला सुरुवात केली. संपाची, सभेची, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची, पाणवठ्यावरच्या भांडणाची. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे मला साधी गोष्टसुद्धा ठरावाच्या भाषेत सुचते. बंदुकीच्या दस्त्याला हात घातला तेव्हाही डोक्यात आधी ठराव आला: माप सगळ्यांना एक असलं पाहिजे. बाजारात वेगवेगळ्या घडणीच्या बंदुका होत्या आणि प्रत्येकीची स्क्रूची जागा निराळी. मी एक लोखंडी पट्टी काढली आणि तिला गोल भोकांऐवजी लांबट भोकं पाडली. ती पट्टी दस्त्यात बसवली की कुठलीही बंदूक त्यावर चढायची. स्टॉलवाल्याने स्वतःच स्क्रू पिळावा, कारागिराची मनधरणी करायला नको. कारखान्यातल्या खोक्यांचा देवदार घेऊन मी दस्ता सरळ ताशीत असे, दोन्ही अंगांनी सारखा. माझ्या हिशेबी ती न्यायाची वस्तू होती.

मावसभावाला असा कसला हिशेबच नव्हता. तो शिवणीचं लाकूड घ्यायचा, बंदूक मांडीवर आडवी ठेवून तिच्याकडे बघत बसायचा आणि मग हवं ते कोरायचा. एकीला घोड्याची मान, दुसरीला मासा. एका बंदुकीचा दस्ता दुसरीला बसायचा नाही. मी त्याला हे दाखवून दिलं, तर म्हणाला, "बसंल कसा? तुझी चप्पल मला बसती काय रं?" आमची आईसुद्धा हसली. ती मला जेवायला वाढताना त्याचं कौतुक करायची. "त्याच्या हातात कला हाय." माझ्या हातात काय आहे, हे तिने कधी सांगितलं नाही.

कळंबकडची एक बाई फुग्यांचे स्टॉल घेऊन कर्जत-खालापुरातल्या सगळ्या जत्रा करायची. सगळे तिला मावशी म्हणत. त्या वर्षी तिने कुणाकडून तरी जुन्या बंदुकांचा ढीगच उचलला. नळ्या धड होत्या, पण दस्ते सगळे मोडलेले. तिने आम्हा दोघांनाही बोलावलं.

"दोघांचा एकेक दस्ता या जत्रेला लावते. ज्याच्या बंदुकीपाशी गर्दी, त्याला सगळ्या बंदुका. मागनं रुसायचं नाय."

त्या सगळ्या बंदुकांवर माझा दस्ता चढला असता, तर घाटापासून खाडीपर्यंत प्रत्येक स्टॉलवर माझंच माप चाललं असतं. मला ते हवं होतं. आणि त्या बंदुका मावसभावाला मिळायला नकोत, हे त्याहून जास्त हवं होतं.

देवीच्या जत्रेला आमच्या घरातलं कुणी जात नसे. मी देवळाकडे पाठ करून फुग्यांच्या रांगेसमोर उभा राहिलो. मावसभाऊ तेवढी काळजी घेत नव्हता. तो तिथल्या पुजार्‍याशीही गप्पा मारून आला, त्याला जिलबी खाऊ घालून आला.

सकाळपासून एकच चाललं होतं. माझी बंदूक फळीवर मोकळी पडलेली असायची आणि लोक घोड्याच्या मानेची बंदूक रिकामी व्हायची वाट बघत थांबायचे. हातात आली की आधी तिच्यावरून हात फिरवायचे. मग गाल टेकवायचे. मग नेम चुकवायचे, हसायचे, आणि पुन्हा रांगेत लागायचे. दुपारी एका रेल्वेच्या गँगमनने माझी बंदूक उचलली आणि फुग्यांची ओळच्या ओळ फोडून टाकली. मला वाटलं, आता लोकांना कळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते परत घोड्याकडे गेले. मावशी मात्र माझ्याकडे आली.

"काय केलंस रं ह्ये? कुनी बी उचलावी आन फुगा फुटावा? मानूस परत येईल काय?"

"मावशी, नेम बरोबर लागतो. बंदूक अशीच असायला पायजे."

"मला काय लढाईला न्यायची नाय ती."

मग एक डावखुरी बाई आली. कडेवरचं पोर नवर्‍याकडे दिलं आणि तिने घोड्याची बंदूक डाव्या खांद्याला लावली. तिचा एकही फुगा चुकला नाही. मावसभावाच्या बंदुकीवर हे दिवसभरात कुणाला जमलं नव्हतं. मी पुढे होऊन ती बंदूक घेतली, उजव्या खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि मला समजलं.

घोड्याच्या मानेला डाव्या अंगाने एक फुगवटा होता. उशीसारखा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. गाल आपसूक तिथे जायचा, आणि फुगवटा तोंडाला हळूच डावीकडे सारायचा. जत्रेच्या बंदुकांवर नेम धरायची डोळ्याजवळची खूण कधीच मोडून गेलेली असते, नळीच्या टोकावरचा बारीक खुंट, म्हणजे माशी, तेवढी उरते. त्यामुळे डोळा सरकला की नेम सरकतो. माशी फुग्यावर दिसते आणि छर्रा फुग्याच्या डावीकडून निघून जातो. डावखुर्‍या बाईचा गाल दुसर्‍या अंगाला होता, तिथे फुगवटा नव्हता. इतर स्टॉलवाले माशीच पक्कडीने वाकवतात, ते गिर्‍हाइकाला दिसतं आणि भांडण होतं. याच्या बंदुकीत वाकडं काहीच नव्हतं. मी त्या लाकडावर गाल ठेवून गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. इतकं छान वाटत होतं की मला रडू येईल असं वाटलं.

"दादा, ही फसवणूक हाय," मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो.

"कसली रं? नळी सरळ, माशी सरळ. गालाला मऊ लागतं म्हून लोकं टेकतात. टेकवा आसं मी म्हनलो काय?"

"लोकांना ठाऊक नाय."

"मग सांग की."

मी सांगितलं. कारखान्यातल्या आमच्या युनियनच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. दुसर्‍या दिवशी जत्रा भरायच्या आत मी पत्रक काढलं. मथळा होता, 'जत्रेतील कष्टकरी जनतेस जाहीर आवाहन'. खाली लिहिलं: घोड्याच्या बंदुकीवर गाल ठेवू नका, गाल ठेवलात की नेम जातो, तुमच्या घामाची लूट करणारी ही उशी ओळखा. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आजही मी त्याखाली सही करीन. ते मत्सराने लिहिलं होतं, पण मत्सराने लिहिलं म्हणून खरं खोटं होत नाही. मी जत्रेच्या तोंडाशी उभं राहून शेवटचा कागद संपेपर्यंत वाटत राहिलो आणि मग स्टॉलकडे गेलो.

स्टॉल दिसतच नव्हता. माणसांवर माणसं उभी होती. ज्याच्या त्याच्या हातात माझं पत्रक होतं आणि जो तो विचारत होता, "कुठाय ती गालाची बंदूक?" प्रत्येकाला ती हरवून दाखवायची होती. गाल उचलून धरला की बंदूक हलायची, आणि छर्रा कुठेही जायचा. गाल टेकवला की डावीकडे. मागचे लोक ओरडत होते.

"गाल वर घे रं, गाल! सासुरवाडीची उशी हाय काय ती?"

"कागद वाचून बी टेकवतोय बघ!"

"अरं, डाव्या हातानं मार!"

"आमचा डावा हात तंबाखूला हाय!"

माझ्या सरळ, न्यायाच्या दस्त्यावर कुणीतरी टोपी काढून ठेवली होती.

मावशी गर्दीतून वाट काढत आली. घामाघूम झाली होती, पण चेहरा खुलला होता.

"सगळ्या बंदुका त्याच्याकडं. बोलल्यापरमानं." आणि लगेच, "तुझं त्ये कागद अजून हायेत काय रं? म्होरच्या जत्रेला बी वाटू."

"मी लोकांना सावध करायला लिहिलं होतं, मावशी."

"झालेत की सावध. बघ कसे रांगेत हुभे हायेत सावध हुन."

मी कागद नाहीत म्हणालो, आणि परत काढणारही नाही म्हणालो. ती खांदे उडवून गल्ल्याकडे गेली. तेवढ्यात मावसभावाने मला पाहिलं. तो गर्दी सारत आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"भावा, तुझ्याबिगर नसतं जमलं ह्ये. काय लिवलंस रं! मी दोनदा वाचलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिथेच भांडून मोकळा झालो असतो, दुसरं पत्रक काढलं असतं. तो खरंच खूश होता, आणि माझ्यासाठीही खूश होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, नखांत लाकडाचा भुसा अडकलेला, अंगठ्याला पटाशीचा जुना वण. मी त्या हाताकडे बघत राहिलो. तसा हात मला हवा होता. तो त्याच्या मनगटाला लागलेला होता, आणि याबद्दल कुणाकडे दाद मागावी हे मला एकाही पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.