रत्नप्रभा कुठे राहते?

१९८६ च्या श्रावणात आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत एक कुजबुज फिरत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या जर्मन साहेबाला म्हणे दोन बायका आहेत! एक शेवंती, ती रोज दिसते. दुसरी रत्नप्रभा, ती कुणालाच दिसत नाही. कुणी म्हणे तिला चारकोपला खोली घेऊन दिलीय. तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी तर तिचा रंगही जाहीर केला होता, गव्हाळ. मीही ही बातमी चार घरी पोचवली, नाही म्हणत नाही. इतकी सुरेख बातमी एकट्याने खाऊन टाकायला मी काही आप्पलपोटा नाही.

साहेबाचं नाव हेल्मुट क्राउझे. सोसायटीने त्याचा हेमूभावजी केला होता. इथल्या एका कारखान्यात जर्मनीचं यंत्र बसवायला तो तीन महिन्यांसाठी आला. दुसऱ्याच दिवशी त्या यंत्राने त्याचा अंगठा चावला. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती शेवंती परब, मालवणकडची. वय बेचाळीस, धाकट्या भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलेलं. तिने चार टाके घातले आणि वर झापलं, "यंत्र तुमच्या देशाचा, मग तुमका ओळखूक नाय?" अंगठा बरा झाला. बाकीचं काही बरं झालं नाही. सहा वर्षं पत्रं चालली. साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि दोन बॅगा घेऊन थेट तिच्या दारात उभा राहिला.

८५ च्या फेब्रुवारीत कचेरीत नोंदणी लग्न झालं. दुसऱ्या दिवशी शेवंतीचा भाऊ खंडू याच्या हट्टाने हॉलमध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं साग्रसंगीत. सोसायटीतून हॉलमध्ये मी एकटाच होतो. पण शेवटी शेवटी मी पहिल्या पंगतीत जागा धरायला गेलो, आणि नेमका तिथेच एक प्रसंग माझ्या हातून निसटला. तो पुढे येईलच.

संसार झकास सुरू झाला. हेल्मुट बांगडा साफ करायला शिकला, मालवणी शिकला, पाण्याच्या टाकीचा पंप दुरुस्त करून सेक्रेटरीची झोप परत मिळवून दिली. अडचण एकच. तो पर्यटक म्हणून आलेला. सहा महिने झाले की देशाबाहेर जायचं, नवा व्हिसा घ्यायचा, परत यायचं. अशा दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला तर लग्नाचा पहिला वाढदिवस शेवंतीने एकटीने केला. पुरणपोळ्या आम्ही खाल्ल्या.

तो परतला तेव्हा तिने बजावलं, "यापुढे विमानतळावर जाशील तो कुणाला तरी आणूक. सोताच चढूक नाय."

म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा हवा. पण कुठला? रविवारी गच्चीवर आम्ही दहा जणांनी दहा सल्ले दिले. कारखान्याचे मालक म्हणाले, "सल्लागार म्हणून नाव घालतो, कामाचा व्हिसा घे." शेवंती उसळली, "निवृत्त माणूस सकाळी आठच्या भोंग्याक पळतलो? मग निवृत्त झालो कित्याक?" उरला एकच मार्ग, भारतीय बाईचा नवरा म्हणून राहण्याचा. पण त्या अर्जासोबत बायकोने लिहून द्यायचं होतं की याच्या राहण्याजेवण्याची जबाबदारी माझी. हेल्मुटचे कान लाल झाले.

"शेवू, माका पेन्शन आसा. मी तुझ्यावर अवलंबून?"

"आयुष्यभर आम्ही बायका पुरुषांच्या कागदावर जगलंव. एक डाव उलटा झाला तर तुझा काय जाता? सही करतंय, गप बस."

तिने सही ठोकली. अर्ज गेला. व्हिसा संपायला वीस दिवस होते.

आठ दिवसांनी चौकशीला हवालदार आला. तळमजल्याच्या व्हरांड्यात सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. बिऱ्हाड नवं, मागच्याच दिवाळीत आलेलं.

"रत्नप्रभा क्राउझे इथे राहतात का?"

"छे! त्या घरात शेवंती राहते."

"नक्की?"

"रोज तिच्याकडून विरजण आणते मी! ही कोण रत्नप्रभा?"

हवालदाराने वहीत टिपलं : रत्नप्रभा नावाची बाई या पत्त्यावर राहत नाही. तो फाटकाबाहेर पडायच्या आत सुंदराबाई तांदूळ टाकून माझ्या दारात, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

चौथ्या दिवशी हेल्मुटला परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी फाइल पुढे सरकवली. लग्नाच्या दाखल्यावर बायको शेवंती. अर्जावर, रेशनकार्डावर, बँकेत, विजेच्या बिलावर रत्नप्रभा. आणि ती पत्त्यावर सापडत नाही. "आठ दिवसांत खुलासा आणा, नाहीतर मुदत संपली की निघा."

तो घरी आला तो पांढराफटक. शेवंतीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. मग ट्रंकेतून लग्नाचा अल्बम काढला आणि मला हाक मारली, "बातमीदार, वर या!"

मी पंगतीत जागा धरत होतो तेव्हा काय घडलं, ते त्या अल्बममध्ये होतं. खंडूने ताटात तांदूळ पसरले होते. "बायलेचा नाव बदलूकच होया, रीतच आसा." आपल्याकडे नवरा तांदळात अंगठीने नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पुष्कळदा ते नाव तांदळाबरोबर डब्यात जातं. पण जर्मन माणूस! त्याने तीन आठवडे नावं गोळा करून, अर्थ विचारून 'रत्नप्रभा' ठरवलं होतं. तेवढी दोन जोडाक्षरं काढायला पाऊण तास लागला. भटजी घड्याळ बघत होते, मेहुणी म्हणत होती, "भावजी, जानकी तरी ठेवायचं!" आणि सोमवारी हा शिस्तीने कचेऱ्या फिरून दिसेल त्या कागदावर ते नाव चढवून आला. फक्त लग्नाचा दाखला नाव बदलायच्या आदल्या दिवशीचा, तो राहिला. घरात मात्र तो स्वतःसुद्धा तिला शेवूच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरात काढल्यासारखे कचेरीत गेलो. पुढे हेल्मुट, मागे शेवंती अल्बम घेऊन, तिच्यामागे मी आणि सुंदराबाई. सुंदराबाईंना शेवंतीनेच ओढून आणलं होतं. "नाय राहत म्हणून सांगितलंस ना? आता राहता म्हणून सांग!"

हेल्मुटने हात जोडले. "सायबानू, माझा गाऱ्हाणा आयका."

साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. गोऱ्या तोंडून मालवणी! शेवंतीने फोटो पुढे ठेवला. ताट, तांदूळ, वाकडंतिकडं 'रत्नप्रभा', वर टाक्यांच्या खुणेचा जाड अंगठा, आणि बाजूला हसू दाबत बसलेली नवरी. ती आणि समोरची बाई एकच, हे बघायला चष्मासुद्धा नको होता.

साहेबांनी सुंदराबाईंकडे पाहिलं. "या बाईंना ओळखता?"

"शेवंती. म्हणजे रत्नप्रभा," सुंदराबाई पुटपुटल्या. "विरजण मात्र एकच."

साहेब हसून म्हणाले, "माझी बायको माहेरी शकु, आमच्याकडे वनमाला. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून आणा. साक्षीदार तर आलेच आहेत." आम्ही दोघांनी सह्या केल्या. वर्षभराचा परवाना मिळाला, दर वर्षी बायकोच्या सहीने वाढवून घ्यायचा.

ती सही शेवंतीने पुढे फार वापरली. हेल्मुट बाजारातून कोकम विसरून आला की ती जिन्यातून विचारायची, "पुढल्या वर्षी सही करू मा?" आणि तो उलट पावली बाजारात.

तर खरी गोष्ट एवढीच. हेल्मुट क्राउझेला बायको एकच होती. लग्नात तिचं नाव बदललं होतं.